विहिरीत न सोडलेला कंदील

गिरिजा कार्डिफच्या विद्यापीठात भूजल शिकवायची. माणूस शांत, पण एका माणसावर तिनं लहानपणापासून दात धरलेला: कमलाकरराव. त्यांच्या विहिरीत तिचे वडील सुखदेव गेले. बंद पडलेल्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील सोडायचा, विझला तर खाली विषारी वायू, माणूस उतरवायचा नाही, ही विहीर खोदणाऱ्यांची रीत. पण त्या दिवशी नव्या पंपाचा मुहूर्त होता. मुहूर्तावर दिवा विझला तर अपशकुन, म्हणून कमलाकररावांनी कंदील सोडूच दिला नाही. सुखदेव उतरले ते मेले, आणि वर गावभर सांगितलं गेलं की गडी प्यायलेला होता. ज्यानं जन्मात दारूला हात लावला नाही, त्याच्याबद्दल!

२००७ साली कमलाकरराव मुलाकडे कार्डिफला आले. मुलगा पुष्कर मराठी मंडळाचा सेक्रेटरी, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं गिरिजाला व्याख्यानाला बोलावलं, प्रमुख पाहुणे म्हणून वडिलांना बसवलं. गिरिजा एका पायावर तयार झाली. दीपप्रज्वलन तेवढं शेवटी ठेव, म्हणाली.

चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये ती तेनेरीफ बेटाबद्दल बोलली. ज्वालामुखीचं बेट, वाहती नदी नाही. पाऊस खडकात मुरतो आणि आत कातळाच्या उभ्या भिंतींमागे अडून राहतो. दीडशे वर्षांपूर्वीपासून लोकांनी डोंगराच्या पोटात आडवे बोगदे खणले. भिंत फुटली की पाणी आपसूक बाहेर. पण वायूही तिथंच दबा धरून. दिवा मंदावला की मजूर मागं फिरायचे, आणि त्यांना कोणी शकुन-अपशकुन शिकवत नव्हतं. मग त्याच आवाजात तिनं आपल्या गावची विहीर सांगितली. मालकाचं नाव घेतलं नाही. कमलाकररावांचा चेहरा उतरत गेला तसा तिला मनापासून आनंद होत गेला.

पुष्करनं समईपाशी त्यांच्या हातात मेणबत्ती दिली. गिरिजा माइक घेऊन शेजारी उभी राहिली.

"कमलाकरराव, कंदील नको कोण म्हणालं होतं?"

"बाबा, ही काय विचारतेय?" पुष्कर गोंधळला.

"मी," म्हातारा पुटपुटला.

"माझे वडील प्यायले होते?"

"नाही."

गिरिजानं माइक त्यांच्या तोंडाशी नेला. "मागच्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."