टोपलीवाली बाई

चिंचेचा कोळ करायला घेतला की राजारामपुरीतल्या आमच्या घरी मोरीसमोर मांडलेली ओली भांडी आठवतात. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं, ही आईची शिस्त. एका वर्षी तिनं वडिलांचं काचेचं कपाटही उघडलं. जुन्या बाजारातून, विकायला काढलेल्या बंगल्यांतून त्यांनी विलायती चिनी मातीच्या कपबश्या आणि बाहुल्या जमवल्या होत्या. त्यातली हातात टोपली घेतलेली बाई त्यांची सगळ्यात लाडकी. कामावरून आले की ते आधी तिच्याकडे बघायचे, मग बूट काढायचे. आईनं तिला तांब्याच्या कळशीबरोबर चिंच लावून काथ्यानं घासलं. "कसली कळकट झालती, आता बघा कशी लख्ख निघाली," ती त्यांना म्हणाली. बाई खरंच पांढरीशुभ्र झाली होती. डोळे, ओठ, भुवया, काहीच उरलं नव्हतं. ते सगळं नुसतं वरून रंगवलेलं होतं, हे आईला काय ठाऊक. वडिलांनी बाईला उजेडात धरलं, तिच्या ओल्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. "व्हय, निघाली की," एवढंच म्हणाले आणि तिला पाठमोरी करून कपाटात ठेवलं. त्यानंतर त्यांनी त्या कपाटात एकही नवी वस्तू आणली नाही. आता दोघंही नाहीत. परवा मी बारीक कुंचला आणि रंग घेऊन बसले, बाईला समोर वळवलं आणि तशीच बसून राहिले. विचारायला कुणी उरलेलं नाही, आणि ती हसत होती का, तेच मला आठवेना.