शनिवारचं पाकीट, मंगळवारची बोट

एफी मॅकआस्किल आमच्या बेटाची पोस्टमास्तरीण. अडतीस वर्षं झाली तिला त्या खिडकीमागे बसून. एवढ्या काळात तिनं कुणाचं पत्र एक तास उशिरा दिलेलं मला आठवत नाही, आणि मला आठवायलाच हवं, कारण टपालाची पिशवी नेणारी-आणणारी बोट माझी. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकराला धक्क्यावरून निघायचं, हवा चांगली असेल तर. आमच्या हेब्रिडीजमध्ये, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या या बेटांवर, हिवाळ्यात हवा कधी धड असते ते देवाला ठाऊक. बोट सुटली नाही की लोक माझ्या नावानं बोटं मोडतात, जणू वारा मीच सोडलाय.

एफी दिसायला काही विशेष नाही. ठेंगणी, गालावर वाऱ्यानं पडलेली लाली, नाकावरून घसरणारा चष्मा. पण पाकिटावरचं अक्षर पाहून ती सांगायची, की अमक्याच्या मुलीचं ग्लासगोत बिनसलंय. आणि सांगून गप्प बसायची, पुढं कुणाला कळायचं नाही. तरुणपणी तिचंही ग्लासगोत एकाशी लग्न ठरलं होतं. ऐन वेळी बाप आजारी पडला, ही आली त्याची सेवा करायला, आणि राहिलीच. मी एकदा विचारलं होतं, वाईट वाटतं का म्हणून. "त्या माणसाला मी ओळखत होते एक वर्ष," ती म्हणाली, "या बेटाला चांगलं ओळखते." आणि तिनं शिक्का मारायला घेतला.

बाप गेला अठ्ठावन्नाव्या वर्षी. थोरला भाऊ नॉर्मन गेला एकसष्टीला. दोघांना काय झालं होतं हे सगळ्या बेटाला माहीत होतं आणि कुणीच तोंडानं म्हणत नव्हतं. आमच्याकडे त्याला 'जुनं दुखणं' म्हणायची पद्धत. माणूस बारीक होत जायचा, कमरेचा पट्टा आत आत जायचा, विचारलं तर "काही नाही, पोटात वारा धरलाय" म्हणायचा, आणि वर्षाच्या आत त्याला आम्ही खांद्यावर घ्यायचो. राहिला मधला भाऊ टॉरक्विल. एफी आणि तो एकाच घरात राहतात, दोघंही बिनलग्नाची. टॉरक्विल चर्चचा मुखिया. आमचा पाद्री महिन्यातून दोनदा येतो, बाकीच्या रविवारी प्रार्थना टॉरक्विलच सांगतो. ताठ माणूस. हसला तरी कुणाची परवानगी घेऊन हसल्यासारखा हसतो.

गेली बारा-तेरा वर्षं, पन्नाशी उलटली की सरकारकडून दर दोन वर्षांनी, वाढदिवसाच्या सुमारास, टपालानं एक चाचणीचं पाकीट येतं. आत एक छोटी नळी, तिच्या टोपणाला काडी. संडासला गेलं की त्या काडीनं नमुना घ्यायचा, नळीत घालायचा, तारीख लिहायची आणि परत पाठवायचं. मुख्य भूमीवरच्या प्रयोगशाळेत त्यात रक्ताचा अंश आहे का ते बघतात. असला तर पुढं आतड्याची तपासणी. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या बेटावर सुरुवातीला त्या पाकिटानं जी लाज आणली ती विचारू नका. मोठमोठे बाप्ये ते पाकीट स्वेटरच्या आत लपवून न्यायचे. पण सरकारी कागद आला की त्याप्रमाणं करायचं, ही सवय अंगात मुरलेली. करायचे सगळे.

नर्स ऊना आली तीन वर्षांपूर्वी, ॲबर्डीनकडची. फटकळ पोरगी, पण हात हलका. तिनं दवाखान्याच्या भिंतीवर दोन नकाशे लावले. एक वीस वर्षांपूर्वीचा, एक आत्ताचा. आतड्याच्या कॅन्सरनं जिथं जास्त माणसं मरतात तिथं गडद रंग, कमी मरतात तिथं फिका. जुन्या नकाशात जवळजवळ सगळा देश गडद होता. नव्यात पूर्वेकडचा भाग बराच फिका झाला होता, दक्षिणेकडचाही थोडा. आमचं बेट आणि शेजारची तीन, असा मिळून एक तुकडा मात्र होता तसाच, गडद.

"हे बघा," ऊना म्हणाली. त्या दिवशी रक्तदाब मोजायला आम्ही पाचसहाजण बसलो होतो, एफीही होती. "सगळीकडं मरणं कमी होतायत. तुमचं मात्र हलायला तयार नाही."

"अगं, आम्ही माणसंच किती," मी म्हटलं. "दोघं गेले की आमचा आकडा आभाळाला भिडतो."

"म्हणूनच चार बेटं एकत्र धरलीत आणि दहा वर्षांची धरलीत. हिशेब मला शिकवू नका, लॉक्लन. तुम्ही लोक पाकिटं परत पाठवत नाही, एवढंच आहे ते."

"पाठवतात," एफी म्हणाली.

"प्रयोगशाळेची यादी आहे माझ्याकडं, एफी."

"आणि माझ्याकडं टपालपेटी आहे. सोमवारी उघडते तेव्हा ती पाकिटं दिसतात मला. प्रत्येकानं पाठवलंय. तुझी यादी एकदा नीट बघ."

ऊनाला राग आला, पण तिनं यादी बघितली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः पोस्टात आली, तोंड जरा उतरलेलं. मी तिथंच होतो. पाकिटं पोचली होती. निम्म्याहून जास्त मुदत संपल्यावर पोचली होती. नळीवर लिहिलेल्या तारखेपासून ठराविक दिवस गेले की प्रयोगशाळा ती तपासत नाही. तसं पत्र येतं आणि सोबत नवं पाकीट येतं.

एफीनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं पाहिलं. मग म्हणाली, "शनिवार."

ऊनाला कळेना. मला कळलं, आणि माझे कान गरम झाले.

आमच्याकडे रविवारी काही म्हणजे काही करायचं नाही. म्हणून शनिवारी सगळं उरकायचं. जळण आत आणायचं, बटाटे सोलून पाण्यात ठेवायचे, बूट चकचकीत करायचे, दाढी करून टाकायची. ही घाणीची कामगिरीसुद्धा लोक शनिवारीच उरकत होते, आणि रविवारी ती वस्तू घरात नको म्हणून संध्याकाळीच पेटीत टाकून येत होते. पेटी उघडायची सोमवारी. बोट मंगळवारी, तीही हवा असेल तर. नसेल तर शुक्रवारी, नाहीतर पुढच्या मंगळवारी. आणि आमच्या बेटावर निम्मे वाढदिवस डिसेंबर-जानेवारीत. का, ते विचारू नका. मार्च-एप्रिलात मासेमारीचे सगळे गडी घरी असत, एवढंच सांगतो. म्हणजे पाकिटं यायची ती ऐन वादळांत. लोक इमानेइतबारे पाठवत होते आणि नळ्या माझ्या शेडमध्ये शिळ्या होत होत्या.

"पण पत्र येतं ना, तपासता आलं नाही म्हणून?" ऊना म्हणाली. "मग पुन्हा का नाही करत?"

"करतात की," एफी म्हणाली. "पुढच्या शनिवारी."

टॉरक्विलचा वाढदिवस जानेवारीतला. त्यानं आजवर सहा वेळा पाकीट पाठवलं होतं. एफीनं त्या संध्याकाळी विचारलं, तर तो म्हणाला, "सहा वेळा दिलंय मी त्यांना. काही असतं तर एव्हाना बोलले असते." सहाही पत्रं घड्याळामागे घडी करून ठेवलेली होती. तिनं चष्मा नीट करून एकेक वाचलं. एकदाही तपासणी झाली नव्हती. भाऊ सदुसष्टाचा होणार होता, बाप आणि नॉर्मन यांच्या वयाच्या पुढं गेलेला, आणि त्याच्या पोटात आजवर कुणी डोकावलंच नव्हतं. एफी मला म्हणाली, "लॉक्लन, मला भीती वाटतेय." असं ती कधी बोलत नाही.

जानेवारीत टॉरक्विलचं पाकीट आलं. मीच आणलं ते, आणि परतताना हवा अशी फिरली की पुढचे तेरा दिवस बोट धक्क्याला बांधून होती. तिसऱ्या दिवशी मी पोस्टात चहाला गेलो, तर ते पाकीट खिडकीच्या खाली, लोकरीच्या गुंड्यांमागे.

"एफी, हे काय?"

"बघितलंस ना. मग बघू नकोस."

अडतीस वर्षं एक पोस्टकार्ड न अडवलेली बाई, आणि भावाचं सरकारी टपाल दाबून बसली होती. हातात दिलं असतं तर त्यानं शनिवारी उरकलं असतं, कुणी काही म्हटलं तरी. समजावून झालं होतं. "बोटीच्या वेळापत्रकानं माझं पोट चालत नाही," तो म्हणाला होता, "आणि शनिवारचं काम शनिवारीच होतं."

पण टॉरक्विलही काही दुधखुळा नव्हता. आठव्या दिवशी तो पोस्टात येऊन उभा राहिला. मी कोपऱ्यात.

"माझं पाकीट यायचं होतं या महिन्यात."

खोटं बोलणं एफीला जमत नाही. "आलंय," ती म्हणाली.

"कुठाय?"

"इथं."

"मग दे."

"देईन. लॉक्लनची बोट सुटणार असं कळलं की देईन."

"सरकारी टपाल आहे ते, एफी."

"हो. आणि मी सरकारी नोकर आहे. वर तक्रार कर. कागद देऊ का?"

"देच."

तिनं खरंच तक्रारीचा कागद दिला, वर पेनही दिलं. त्यानं तिथंच उभं राहून, सुवाच्य अक्षरात, सख्ख्या बहिणीविरुद्ध तक्रार लिहिली आणि पाकिटात घालून तिच्याच हातात दिली. तिनं शिक्का मारला, पिशवीत टाकली. मी चहा पीत राहिलो, दुसरं काय करणार. घरी त्यानं तिच्याशी बोलणं सोडलं. ती त्याची लापशी टेबलावर ठेवायची, तो खायचा, मीठ हवं असलं तर उठून घ्यायचा.

तेराव्या दिवशी, गुरुवारी, वारा पडायला लागला. शुक्रवारी सकाळी सातला मी एफीला फोन केला. "जातोय."

लापशीच्या वाडग्याशेजारी तिनं ते पाकीट ठेवलं आणि ती पोस्टात निघून आली. नंतर तिनं मला सांगितलं, वाटभर ती देवाला हेच म्हणत होती की, माझी नोकरी घे हवी तर, पण त्याला आज सकाळी संडास होऊ दे. पावणेअकराला टॉरक्विल धक्क्यावर आला. एफीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ओलं होऊ देऊ नकोस." मी ते पिशवीत न टाकता शर्टाच्या खिशात ठेवलं. पिशवीत त्याची तक्रार होती.

उत्तर अकरा दिवसांनी आलं. नमुन्यात रक्त होतं.

पुढचं भराभर झालं. मुख्य भूमीवरच्या मोठ्या इस्पितळात नळी घालून तपासलं, गाठ सापडली. लहान होती, आतड्याच्या भिंतीपलीकडे गेली नव्हती. मार्चात कापून काढली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन वर्षं राहिली असती तर आम्हाला फार काही करता आलं नसतं. एफी तिकडं तीन आठवडे राहिली, खिडकीवर बदली मुलगी आली, तिनं सगळ्या चिठ्ठ्यांचा घोळ घातला. तक्रारीचंही उत्तर आलं. एफीला लेखी समज मिळाली. तिनं ती पोस्टात भिंतीला लावली, परवान्याशेजारी. मी म्हटलं, काढ गं, शोभत नाही. "शोभतं," ती म्हणाली. एवढं समाधान मी तिच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिलं नव्हतं.

आता पद्धत बदलली आहे. मी सातला एफीला कळवतो, एफी ज्यांच्या घरी पाकीट आलंय त्यांना फोन करते, "आज बोट आहे," एवढंच म्हणते आणि ठेवते. शेजारच्या बेटांनीही हेच उचललंय. ऊना म्हणते नकाशा फिका व्हायला वर्षं लागतील, पण पाकिटं वेळेत पोचतायत. तिला आता माझ्यावर तोंडसुख घ्यायला दुसरं कारण शोधावं लागतं.

मे महिन्यात टॉरक्विल पुन्हा चर्चमध्ये उभा राहिला. कोट अंगाला सैल होत होता. पाद्री नव्हता त्या रविवारी. त्यानं नेहमीसारखे खलाशांसाठी, आजाऱ्यांसाठी, मेंढरांसाठी शब्द म्हटले. मग दोन्ही हात समोरच्या कठड्यावर टेकवले.

"माझे वडील मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेले," तो म्हणाला. "माझा भाऊ नॉर्मन आतड्याच्या कॅन्सरनं गेला. आम्ही त्याचं नाव घेतलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. मला तोच झाला होता. मी इथं उभा आहे कारण माझ्या बहिणीनं माझं ऐकलं नाही. तिच्याविरुद्ध मी कागद लिहिला. देवा, तो लिहिल्याबद्दल मला क्षमा कर, आणि मी मागितल्यावर तिनं तो मला दिला, त्याबद्दल तुझे आभार."

एफी ताठ बसली होती, हातमोजे मांडीवर, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि ती पुसत नव्हती. मीही खाली बघितलं. लाज कसली, मला रडू आलं.

बाहेर पडताना एफीनं माझ्याकडं एकदा रोखून पाहिलं. बोलली नाही काही. रविवार होता.

सोमवारी ती धक्क्यावर आली. मी दोर गुंडाळत होतो.

"लॉक्लन, तुझा वाढदिवस कधी असतो?"

"तुला माहीत नाही होय? नोव्हेंबरात."

"नोव्हेंबरात मी तुझ्या घरी एक पाकीट टाकलं. त्याआधी दोन वर्षांपूर्वी एक, त्याआधी एक. पाच झाली. सगळ्या बेटाची पाकिटं तू वाहून नेलीस. तुझं एकही माझ्या पेटीत आलं नाही. मला वाटायचं तू ते थेट पिशवीत टाकतोस, पण ऊनाच्या यादीतही ते नाही."

मी दोर गुंडाळत राहिलो. माझं बायकोलाही माहीत नव्हतं ते.

"उद्या हवा कशी आहे?" एफीनं विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणालो.

"बरं. मग मी सातला फोन करते. घरातच थांब."