दशक्रियेची फटफटी

संपत मूळचा डिंगोऱ्याचा. लग्नानंतर महाळुंगे पडवळला घरजावई झाला. सासऱ्यांनी, म्हणजे सोमाजींनी, घरातली जुनी फटफटी त्याच्या हवाली केली तेव्हा गावाला वाटलं, पोरानं नशीब काढलं. पण सोमाजींना दोन तालुक्यांतल्या प्रत्येक दशक्रियेत श्रद्धांजलीचं भाषण ठोकायची हौस. मयत ओळखीचा असो-नसो, सकाळी घाटावर माईकपाशी सासरा आणि गाडीपाशी उन्हात जावई.

गाडी मात्र संपतने लेकरासारखी सांभाळली. प्लगची काजळी घासायची, कार्ब्युरेटर फुंकून साफ करायचा, सायलेन्सर विस्तवावर तापवून आतला थर झाडायचा; सगळं घरच्या ओट्यावर. त्यामुळे गाडी बंद पडायची म्हणून नाही, आणि एकही मयत सुटायचा म्हणून नाही.

अठ्ठ्याण्णव साली मंचरच्या गोरख मेस्त्रीने त्याचा हात पाहून त्याला गॅरेजात कामाला बोलावलं. अट एकच, सकाळी आठला हजर पाहिजे. आणि नेमक्या त्याच वेळी घाटावर सगळे कावळ्याची वाट बघत असतात. सोमाजींना नाही म्हणायची टाप घरजावयात कुठली? म्हणून त्याने गाडीलाच नाही म्हणायला लावलं. इंजिन खोललं, पिस्टन घमेल्यात ठेवला, रिंगा मोडल्यात, पुण्याहून नव्या येईस्तोवर थांबावं लागेल असं सांगितलं आणि मंचरची एसटी धरली. बायको मंगल काही न विचारता डबा भरून देऊ लागली.

आठवडाभर तो जिवंत माणसांत वावरला.

मग एका सकाळी सोमाजी गॅरेजसमोर टेम्पोतून उतरले. मागे गाडी, हातात घमेलं. मेस्त्रीच्या वडलांच्या दशक्रियेला आपण किती वेळ बोललो होतो, याची त्यांनी आधी आठवण करून दिली. मेस्त्री ते विसरणं शक्यच नव्हतं. त्याने रिंगा बोटांत फिरवून पाहिल्या. धडधाकट. मग त्याने संपतकडे पाहिलं.

"नाना, रिंगा पार गेल्यात," तो सोमाजींना म्हणाला. "पर माझ्याकडं नव्या हायेत. संपत, घाल." आणि त्याच रिंगा त्याने पुसून संपतच्या हातात दिल्या.

संपत जोडायला बसला. रिंगेचं तोंड पिस्टनच्या खाचेतल्या खिळीवर न बसवता रेटून दिलं असतं, तर गाडी वेशीपर्यंतसुद्धा गेली नसती. त्याच्या मनात ते आलंही. पण हाताने ऐकलं नाही. तोंड नेमकं खिळीवर बसलं आणि पहिल्याच किकला गाडी चालू झाली.

"आपल्या जावयाचा हातच लई चांगला," म्हणत सोमाजी मागे बसले. "उद्या सकाळी कळंबचा घाट बरं का, पावणं."

"मग उद्या मी दुसरा पोरगा बघू?" मेस्त्रीने हळूच विचारलं.

संपतने गिअर टाकला.

फाट्यावर सोमाजींनी गाडी थांबवली आणि भिंतीला चिकटवलेली नवी निधनवार्ता वाचायला उतरले. संपत इंजिन चालू ठेवून बसला. आवाजात कुठं काही खोट सापडते का, म्हणून त्याने बराच वेळ कान लावला. सापडेना. फारच चोख काम झालं होतं.