बर्फाची रेघ

आमचं इथलं गाव अमेरिकेतल्या कॅस्केड पर्वताच्या पूर्वेला आणि विमानतळ पश्चिमेला. मध्ये खिंड. हिवाळ्यात इथं प्रवासाआधी बर्फाची पातळी बघतात, म्हणजे डोंगरावर कुठपर्यंत पाऊस आणि कुठून वर बर्फ. हे मी एकदा फोनवर माझ्या वडिलांना, अण्णांना, समजावलं होतं. आयुष्यभर गवंडीकाम केलेल्या अण्णांनी ते लगेच घरावर आणलं, "म्हणजे टेकडीवर बर्फ अन् आपल्या ओट्यावर पाऊस." तेव्हापासून दर रविवारी त्यांचा पहिला प्रश्न असे, "तुमची रेघ कुठवर आली?"

त्यांना स्वतःला थंडी मुळीच सोसत नसे. दिवाळीनंतर चढलेली कानटोपी होळीलाच उतरायची. आई म्हणायची, पोराला बर्फात धाडलं आणि स्वतः दुलईतून बाहेर येत नाहीत.

गेल्या जानेवारीत सकाळी दादाचा फोन आला. तिकडे रात्रीचं जेवण चाललं होतं, जेवता जेवताच अण्णा गेले. तू येईपर्यंत ठेवतो, तालुक्याहून बर्फाच्या लाद्या मागवतो, असं तो म्हणाला. परदेशातल्या मुलासाठी आमच्याकडे असं थांबतात. घरातला पहिला पदवीधर मी, सिमेंटनं फाटलेल्या त्या हातांच्या कमाईवर शिकलेला. त्यांचं तोंड एकदा पाहावं, पायांवर डोकं ठेवावं, एवढंच मनात होतं.

निघालो तेव्हा पाऊस होता. वारा गाडीला बाजूला ढकलत होता. चढ लागला तसे थेंब जड झाले, मग पांढरे. रेघ खिंडीच्याही खाली उतरली होती, वाऱ्यानं झाडं पडली होती आणि पुढचा रस्ता बंद होता. गाड्यांच्या रांगेत बसून राहिलो. दुपारी माझं विमान गेलं. पुढचं तिकीट दुसऱ्या रात्रीचं मिळत होतं.

दादाला कळवलं. तो म्हणाला, "येऊ दे उशीर. आणखी लाद्या सांगतो. लोक थांबतील." मग त्यानं सांगितलं की आई सारखी दुलई आणून अण्णांवर घालतेय आणि आम्ही ती काढतोय.

काचेवर बर्फ साचला होता. बाहेरचं काही दिसत नव्हतं.

"दादा," मी म्हटलं, "थांबू नका. उजाडलं की न्या. त्यांना थंडी सोसत नाही."

 तो "बरं" म्हणाला.

संध्याकाळी हवा उबदार झाली, रेघ वर सरकली, पडलेली झाडं हटवली आणि रस्ता उघडला. तोवर तिकडे उजाडलं होतं आणि अण्णांना घेऊन सगळे निघाले होते. मी गाडी परत वळवली नाही. आई होती अजून. खिंडीत झाडांवरून पाणी गळत होतं. उतार लागला तेव्हा तिचा फोन आला. आवाज बसला होता.

"बर्फ आहे का रे तिथं?"

"नाही आई," मी म्हटलं. "पाऊस आहे."