राणी घोंगडीवरून उठली

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जे रिपोर्टमध्ये येत नाही त्यावर मी वेळ घालवत नाही. शेजारणी असले किस्से सांगायला लागल्या की मी उठून कुकर लावते. तरीही हे लिहितेय, कारण मला खरंच उत्तर हवंय.

जुळे सोलापुरातलं आमचं घर, मागच्या उन्हाळ्यातली दुपार. अप्पांचा — माझ्या वडिलांचा — कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता, म्हणून दवाखान्यातून घरी आणलं होतं. हॉलमध्ये लोखंडी कॉट, शेजारी ऑक्सिजनचं मशीन आणि कॉटखाली राणी. अप्पांनी पाळलेली गावठी कुत्री. इतकी गरीब, की दूधवाल्यावरही कधी भुंकली नाही.

त्या दुपारी अप्पांना घरघर लागली. डॉक्टर पाहून गेले. आता फार वेळ नाही म्हणाले. धाकटा भाऊ संतोष हैदराबादहून गाडीने निघाला होता, पण अजून बराच लांब होता. अप्पा शुद्धीवर होते तोवर त्याचंच नाव घेत होते.

दुधनीची आत्या म्हणाली, "खाली घ्या आता. खाटंवर जीव जाऊ नये."

मी म्हटलं, हलवलं तर इथंच संपेल, संतोषला येऊ दे. ती ऐकेना. "तुजं लॅबमधलं लॅबमधी ठेव की. माजा भाऊ हाय त्यो."

शेवटी मी जमिनीवर घोंगडी अंथरली... आणि राणी कॉटखालून निघून तिच्यावर आडवी पडली. हाकललं, ओढलं, बिस्कीट दाखवलं — हलेना. आत्याने अप्पांच्या पायांना हात घातला, तशी राणी दात विचकून गुरगुरली. आत्या झटकन मागे सरली. पुन्हा कोणाची हिंमत झाली नाही. अप्पा कॉटवरच राहिले.

संध्याकाळी संतोष पोचला. अप्पांनी डोळे उघडले, म्हणाले, "जेवलास का?" घरघर थांबली होती. दोन चमचे चहाही घेतला. मी नाडी पाहिली — उत्तम. ऑक्सिजन सुधारलेला. आत्यासुद्धा हसली. संतोष म्हणाला, पटकन आंघोळ करून येतो.

तेवढ्यात राणी उठली. घोंगडी सोडून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. आवाज नाही, काही नाही... नुसती माझ्याकडे बघत.

"आंघोळ राहू दे," मी म्हणाले. "अप्पांचा हात धर."

"का? बरे आहेत की, ताई."

"धर म्हणते ना."

त्याने धरला. अप्पांनी विचारलं, गाडी सावलीत लावलीस ना? तो हो म्हणाला. अप्पांनी मान हलवली आणि पुढचा श्वास घेतलाच नाही.

जाण्याआधी माणूस घटकाभर टवटवीत होतो, कुत्र्यांना वासावरून कळतं — हे मलाही माहीत आहे. संध्याकाळचं कोडं त्यावरून सुटेलही. पण दुपारी, डॉक्टरांसकट सगळ्यांनी आशा सोडली होती, तेव्हा अजून वेळ आहे हे तिला कशावरून कळलं? आणि ती घोंगडी कशासाठी आहे, ते?

संतोष अजून विचारतो, मला का थांबवलंस? मी सांगते, नाडी मंद लागली होती.

खोटं आहे ते. नाडी चांगली होती.