बोक्याचा चेहरा

माझे काका कार्टूनच्या स्टुडिओत चित्रं काढायचे. सगळीकडे कॉम्प्युटर आले, तरी यांचा हट्ट हातानेच. नव्या सिनेमातला त्यांचा बोका जुन्या कार्टूनसारखा आपटायचा, चेपायचा, मरायचा आणि धूळ झटकून उठायचा. टेबलावर आरसा ठेवून काका आधी स्वतःचं तोंड वेडंवाकडं करायचे, मग ते कागदावर उतरवायचे. जेवतानाही तेच चालू.

"घरात तरी माणसाच्या तोंडाने वावरा," काकू करवादायची.

काम संपलं आणि दुसऱ्याच आठवड्यात काका आरशासमोर खुर्चीतच गेले. डावा डोळा अर्धा मिटलेला, ओठ एका बाजूला ओढलेले. काकूने कितीदा हात फिरवला, पण तो चेहरा काही सरळ झाला नाही.

सिनेमा लागला तेव्हा मी काकूला दुपारच्या खेळाला नेलं. पडद्यावर बोक्याच्या अंगावर लोखंडी कपाट कोसळलं आणि तो मेला, नेमका तोच चेहरा करून. ते चित्र काकांनी वर्षभर आधी काढलं होतं. सगळं थिएटर खिदळत होतं. मी काकूचा हात घट्ट धरला.

बोका उठला, धूळ झटकली आणि घराकडे चालू लागला.

काकू घाईने उभी राहिली. "चल लवकर. दाराला कुलूप आहे, हे बाहेर ताटकळत बसतील."