नर्सरीतून विकत आणलेला कडुलिंब

अक्काचा मला हेवा वाटतो. 'वाटायचा' असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू?

आम्ही दोघी बहिणी. मी लातूरला, स्वतःच्या बंगल्यात. अक्का नांदेडला, भावजींच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. आई गेल्यावर बाबांसाठी मी खालची खोली खास तयार करून घेतली. एसी, कमोड, धरायला भिंतीला दांडा. घरात सगळीकडं पांढरीशुभ्र फरशी, म्हणून पायपुसणी तीन: एक फाटकाशी, एक पायरीवर, एक उंबऱ्याच्या आत. येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतेच, पाय पुसून या. चेष्टा आहे का ती फरशी पुसणं! बाबा आठ दिवस राहिले आणि नवव्या दिवशी म्हणाले, "मला नांदेडच्या गाडीत बसवून दे, माय." असं तीनदा झालं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी त्या क्वार्टरमध्ये असं आहे तरी काय, ते बघायलाच गेले. पोपडे निघालेल्या दोन खोल्या. पण दारात कडुलिंब, हा एवढा! त्याच्याखाली बाबांची खुर्ची आणि भोवती नुसता बाजार भरलेला. भाजीवाली टोपली टेकवून पाणी पितेय, शेजारची लेकरं खेळतायत, एक कुत्रं धापा टाकत पडलंय, आणि सगळ्यांच्या पायाखाली लिंबोळ्यांचा राडा. बाबा मोठ्यानं पेपर वाचून दाखवत होते आणि मधेच खो खो हसत होते. माझ्याकडं ते असे एकदाही हसले नव्हते.

म्हटलं, असं होय! त्या झाडाची करामत आहे तर. लातूरला आल्या आल्या अंगणातल्या चार फरशा फोडून घेतल्या आणि नर्सरीतून कडुलिंब आणून लावला. फोनवर सांगितलं तर बाबांना ठसकाच लागला.

"लिंब इकत आणलास? अगं, आपल्याकडं त्यो नालीत बी उगवतोय!"

मागून अक्काचं हसू ऐकू आलं. मी फोन आपटला.

यंदा भावजी रिटायर झाले. क्वार्टर सोडावं लागलं आणि अक्का भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेली, दुसऱ्या मजल्यावर. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. देवाशपथ, फुटल्या! लिंब काही तिला पाठीवर बांधून नेता येणार नव्हता. मी बाबांच्या पलंगावर नवी चादर घातली आणि गाडी काढून नांदेड गाठलं.

जिना चढून वर गेले तर फ्लॅटचं दार सताड उघडं. दारातच बाबांची खुर्ची, पायाशी पाण्याचा तांब्या. वरच्या मजल्यावरच्या बाई पिशव्या खाली ठेवून तिथं दम खात होत्या. कुणाचं तरी लेकरू चिखलाच्या पायांनी थेट स्वयंपाकघरात गेलं आणि अक्कानं त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"दार लावत न्हाईस का गं?" मी म्हटलं.

"इतकी वर्षं लिंबाखाली काढली की," अक्का म्हणाली. "त्यानं कुणाला इचारलं का, कशाला आलास म्हणून?"

मोठी आली शिकवणारी! मी आत जाऊन बाबांचे कपडे पिशवीत भरायला लागले. बाबा मागोमाग आले आणि त्यांनी पिशवी धरली.

"राहू दे, माय."

"माझ्या घरात कमी काय आहे, बाबा? ते तरी सांगा!" माझा आवाज चढला, डोळेही भरले.

"कमी काय बी न्हाई. लई चांगलं घर हाय तुझं. पण तिथं मी सारखा पाय पुसतच असतो."

एकटीच परत आले. अंगणातला कडुलिंब कमरेएवढा झाला होता. हे अजून ऑफिसातून यायचे होते, लेक शिकायला पुण्यात. मी कुलूप काढलं, दार उघडलं आणि पायपुसण्यावर पाय पुसले. घरात बघायला कुणी नव्हतं, तरी दोनदा पुसले.